शेअर आणि रोखे: पगारातले आठ हजार कुठे लावू? बाबा म्हणतात, शेअर म्हणजे जुगार

मेघना_नाशिक

नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. घरी देऊन-घेऊन महिन्याला आठ हजार शिल्लक राहतात. आजवरची दीड लाखाची बचत बँकेत एफडीत आहे. आता पुढचे पैसे शेअर आणि बाँडमध्ये लावावेत असं मनात आहे, पण जेवताना हा विषय काढला की बाबांचं ताट अर्धं राहतं.

बाबा एसटीत वाहक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. १९९४-९५ च्या लाटेत त्यांनी एका नव्या कंपनीचे १०० शेअर घेतले होते. त्या कंपनीने दोन वर्षांत गाशा गुंडाळला. सर्टिफिकेट अजून लोखंडी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. त्यानंतर त्यांनी शेअर हा शब्दच घरातून हद्दपार केला. निवृत्तीचे पैसे निम्मे बँकेत, निम्मे एका पतसंस्थेत, कारण तिथे एक टक्का जास्त मिळतो.

मला अगदी मुळापासून समजून घ्यायचंय. शेअर आणि बाँडमध्ये नेमका फरक काय? सुरुवात कुठून करू? कंपनीतला एक सहकारी ऑप्शनच्या ग्रुपमध्ये ये म्हणतोय, रोजचे पाचशे सुटतात म्हणे.

स्वाती_डोंबिवली

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. त्या ग्रुपमध्ये जाऊ नकोस. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये पाहणी जाहीर केली होती: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या दर १०० सामान्य लोकांपैकी ९३ जणांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. तुझा सहकारी खोटं बोलतोय असं नाही, त्याला चार दिवस पाचशे सुटलेही असतील. पाचव्या दिवशी काय झालं ते तो ग्रुपवर टाकणार नाही.

पंचगंगेकाठ

मेघनाताई, आमचं गुऱ्हाळ आहे, त्यावरूनच सांगतो.

समजा मला नवी काहील आणि इंजिन घ्यायला एक लाख कमी पडतायत. तुम्ही दोन तऱ्हेने देऊ शकता. पहिली तऱ्हा, उसने. मी चिठ्ठी लिहून देतो: दर वर्षी ९ हजार व्याज, पाच वर्षांनी मुद्दल परत. सौद्यात गुळाला दर चढो की पडो, तुमचे ९ हजार ठरलेले. हा झाला बाँड, म्हणजे रोखा. दुसरी तऱ्हा, भागीदारी. गुऱ्हाळाच्या दहा हिश्श्यांतला एक तुमचा. दर चढला तर नफ्याचा दहावा वाटा तुमचा, पुढे गुऱ्हाळाची किंमत वाढली तर त्यातही तुमचा दहावा. पण अवकाळीने ऊस लोळला तर त्या साली हातात काही नाही, आणि मुद्दल परत करायची माझ्यावर सक्ती पण नाही. हा झाला शेअर.

आता धंदा बसला तर? इंजिन, काहील, पत्रे विकून जे येईल त्यातनं आधी उसने देणाऱ्यांची चिठ्ठी फिटणार. उरलं तर भागीदारांना. बहुतेक वेळा उरत नाही. तुमच्या बाबांचं तेच झालं. ते भागीदार होते, आणि भागीदाराचा नंबर सगळ्यात शेवटी.

ऑरेंजसिटी

गुऱ्हाळाचं उदाहरण मस्त जमलं भाऊ. पण मेघना, तू तिशीच्या आत आहे ना? मग रोखेबिखे कशाला? ते निवृत्त माणसांसाठी. सगळे आठ हजार शेअरमध्ये टाक, वीस वर्षं बघूच नको. सेन्सेक्स, म्हणजे मुंबई बाजारातल्या बड्या कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक, १९७८-७९ मध्ये १०० धरला होता, आज कुठे आहे बघ. मी स्वतः अकरा कंपन्या निवडून घेतल्या आहेत, माझं बरं चाललंय.

निवृत्त_लेखापाल

ऑरेंजसिटी, तुमचा मुद्दा लांबच्या मुदतीला खरा आहे, पण नवख्या माणसाला अर्धंच चित्र दिसतं. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता. मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या घरात आला. २०१० च्या दिवाळीत पुन्हा २१ हजारांना शिवला, परत घसरला, आणि २०१३ च्या दिवाळीत तिथेच होता. म्हणजे २००८ च्या जानेवारीत ज्याने एकरकमी पैसे लावले त्याला लाभांश, म्हणजे कंपनी वाटते तो नफ्याचा भाग, सोडला तर जवळजवळ सहा वर्षं काही मिळालं नाही. वीस वर्षं बघूच नको म्हणणं सोपं आहे. मधल्या सहा वर्षांत मुलांची फी भरायची असते, घराचा हप्ता असतो, आईचं ऑपरेशन निघतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न 'किती मिळेल' हा नसतोच. 'हा पैसा कधी लागणार आहे' हा असतो. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये नको. सात-दहा वर्षं हात लावायचा नसेल तर शेअरइतकं चांगलं साधन सामान्य माणसाला दुसरं नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगतो.

मिरजेचा_सतीश

काकांच्या या वाक्यावर मी माझं सांगतो. २०२० मध्ये धाकट्या बहिणीचं लग्न मेमध्ये ठरलं होतं. त्यासाठी साठवलेले चार लाख मी शेअरमध्ये ठेवले होते, कारण वर्षभर बाजार चढत होता आणि एफडीत काय मिळतं असं वाटायचं.

२३ मार्चचा सोमवार. सकाळी बाजार उघडला आणि थोड्याच वेळात दहा टक्के पडून व्यवहार ४५ मिनिटं थांबवले गेले. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मोबाईल बघत होतो, आई पोळ्या लाटत होती. पुन्हा सुरू झाल्यावर आणखी खाली. दुपारी अडीचला मी सगळं विकलं. दोन लाख साठ हजार हातात आले. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडून २५,९८१ वर बंद झाला. पुढच्या जानेवारीत तो ५० हजारांवर होता.

लग्न शेवटी आमच्या अंगणात वीस माणसांत झालं. खर्च सत्तर हजारसुद्धा झाला नाही. म्हणजे मला ते पैसे त्या दिवशी लागतही नव्हते. पण लग्नाचे पैसे डोळ्यासमोर वितळताना मी थांबू शकलो नाही. माझी चूक त्या सोमवारची नाही, वर्षभर आधीची. दीड वर्षात लागणारा पैसा मी चुकीच्या जागी ठेवला होता.

कॉमर्सवाली

सतीशदादा, हे लिहिलंत याबद्दल खूप आभार. वर्गात मुलांना जोखीम शिकवताना मी व्याख्या सांगते. आता तो ओटा सांगेन.

मेघना_नाशिक

पंचगंगेकाठ दादा, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. 'भागीदाराचा नंबर शेवटी' यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

एक शंका. रोख्यात व्याज ठरलेलं, मुद्दल परत. मग बाँड फंडातले पैसे कमी झाले असं मैत्रीण का म्हणते?

पंचगंगेकाठ

तीच चिठ्ठी घ्या. माझी ९ टक्क्यांची चिठ्ठी तुमच्याकडे आहे. पुढच्या वर्षी गावात सगळे १० टक्क्याने चिठ्ठ्या द्यायला लागले. तुम्हाला मध्येच पैशांची नड आली आणि चिठ्ठी दुसऱ्याला विकायची ठरवली. तो म्हणणार, मला नवी १० ची मिळतीय, तुमची ९ ची पुऱ्या लाखाला का घेऊ? कमी करा. पण तुम्ही पाच वर्षं थांबलात तर मी पुरा लाखच देणार, त्यात फरक नाही.

निवृत्त_लेखापाल

बरोबर. आकड्यात मांडतो. १०० रुपयांचा, ७ टक्के व्याजाचा, १० वर्षं बाकी असलेला रोखा. बाजारातला दर ८ झाला तर त्याची आजची किंमत सुमारे ९३ रुपये ३० पैसे होते. तोच रोखा एका वर्षात सुटणार असेल तर किंमत ९९ च्या आसपास राहते. मुदत जितकी लांब, तितका झोका मोठा. दर उतरले की उलट, जुन्या रोख्याची किंमत वाढते. बाँड फंड म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून रोखे घेणारा फंड. त्यातले रोखे रोज बाजारभावाने मोजले जातात, म्हणून मैत्रिणीला घट दिसली. नजीकच्या खर्चाचा पैसा लांब मुदतीच्या बाँड फंडात ठेवू नये तो याचसाठी.

पणजीकर

दराचा झोका एक, बुडण्याची भीती दुसरी. ती कुणी अजून लिहिली नाही.

माझ्या सासूबाईंना बँकेच्या शाखेतच एका ओळखीच्या अधिकाऱ्याने बाँड दिले. 'एफडीसारखेच, व्याज तेवढं जास्त' एवढंच सांगितलं. ते एटी-१ प्रकारचे होते. या बाँडना परतफेडीची मुदतच नसते आणि बँक अडचणीत आली तर ते शून्य करता येतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. बँक अडचणीत आली आणि आठ लाख शून्य झाले. एफडी धारकांचे पैसे मात्र शाबूत राहिले. सासूबाई आजही पासबुक उघडून बघतात, कुठे तरी नोंद आली असेल म्हणून.

तेव्हा मेघना, बाँड घेताना चार गोष्टी विचार. पैसे उसने घेणारा कोण? मुदत किती? तारण आहे का? आणि पतमानांकन, म्हणजे परतफेडीच्या कुवतीला दिलेली श्रेणी, काय? ट्रिपल ए सगळ्यात वरचं, डी म्हणजे हप्ता चुकवलेला. बाजारात ७ मिळत असताना कुणी १२ देत असेल, तर ते जास्तीचे ५ टक्के उपकार म्हणून देत नाही.

स्वाती_डोंबिवली

पणजीकर, वाचून पोटात कालवलं.

आणि याच धाग्यावर मेघनाच्या बाबांसाठी महत्त्वाचं. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचा विमा असतो, एका बँकेत एका माणसाला व्याज धरून ५ लाखांपर्यंत. सहकारी बँकांनाही असतो. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवीला हा विमा नाही. एक टक्का जास्त मिळतो तो याच जोखमीचा आहे. सगळ्या पतसंस्था वाईट असं मुळीच म्हणत नाही, माझ्या आईची भिशी आणि पतसंस्था दोन्ही चोख चालल्या. पण निवृत्तीचा निम्मा पैसा तिथे नको.

ऑरेंजसिटी

भिशीचं नाव काढलं आन् आमच्या सीताबर्डीच्या दुकानदारांची भिशी आठवली. वीस वर्षं चालू आहे, एक पैसा इकडचा तिकडे नाही. माणसं ओळखीची पाहिजेत.

कॉमर्सवाली

भिशीवर वेगळा धागा काढू, नाहीतर इथे मूळ प्रश्न राहून जाईल.

पण कपाटातल्या सर्टिफिकेटबद्दल मला बोलायचंय. मेघना, ते रद्दीत टाकू नका. आधी कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शोधा. कंपनी बंद होऊन नोंदणी रद्द झाली असेल तर इलाज नाही. पण कधी कधी कंपनी दुसरीत विलीन झालेली असते, नाव बदललेलं असतं. आमच्या आजीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत चार सर्टिफिकेटं सापडली. सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की तो आणि शेअर दोन्ही आयईपीएफ या सरकारी निधीत जातात. तिथून मागता येतात. आम्हाला वारस दाखला, बँकेची सही-पडताळणी, तीनदा परत आलेले कागद, असं करत चौदा महिने लागले. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात.

आणि आपल्या स्वतःच्या खात्यांना नॉमिनी लावा. आज, जेवायच्या आधी.

नवखा_बारामती

डीमॅट म्हणजे काय ते कुणी सांगेल का? विचारायला संकोच वाटत होता.

मिरजेचा_सतीश

संकोच कसला. बँक खात्यात पैसे असतात तसे डीमॅट खात्यात शेअर आणि बाँड असतात. ते प्रत्यक्षात एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींकडे नोंदलेले असतात. दलाल म्हणजे ब्रोकर फक्त मधला माणूस. आज घेतलेला शेअर पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात जमा होतो. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्या महिन्याचं पॅनवरचं एकत्रित पत्रक डिपॉझिटरीकडून येतं ते उघडून बघत जा, ब्रोकरच्या ॲपवर सगळी मदार ठेवू नकोस. ४ लाखांपर्यंतची गुंतवणूक असलेल्या 'बेसिक सर्व्हिसेस' प्रकारच्या डीमॅट खात्याला वार्षिक शुल्क नसतं, खातं उघडताना ते मागून घे.

सल्ला देणारा कुणी भेटला तर त्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचार. सल्लागाराचा 'आयएनए'ने सुरू होतो. तो सेबीच्या साइटवर तपासून बघ. व्हॉट्सॲपवरून पाठवलेलं ॲप कधीच उतरवू नकोस.

मेघना_नाशिक

दोन दिवस सगळं वहीत लिहून काढलं. असं ठरवतेय, चुकत असेन तर सांगा. दीड लाखाची एफडी तशीच, अडीनडीला. आठ हजारांतले पाच हजार निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे बड्या ५० कंपन्यांच्या ठरलेल्या यादीत पैसे लावणाऱ्या फंडात, दर महिन्याला, निदान दहा वर्षांसाठी. तीन हजार रोख्यांसाठी जमवायचे. कंपन्या निवडायला मला जमणार नाही आणि वेळही नाही.

ऑरेंजसिटी

मला अजूनही वाटतं तीन हजार वाया चालले. पण इंडेक्स फंड चांगला निवडलास. फक्त 'डायरेक्ट' प्लॅन घे. तोच फंड 'रेग्युलर'मध्ये घेतलास तर मध्यस्थाचं कमिशन दर वर्षी तुझ्याच पैशातून जातं.

निवृत्त_लेखापाल

मेघना, आराखडा उत्तम आहे. एकच भर: आरोग्य विमा नसेल तर पहिल्या महिन्याचे आठ हजार तिकडे. विमा नसला की आजारपणात पहिल्यांदा फंड मोडला जातो, आणि तो नेमका पडलेल्या बाजारात.

कराचं थोडक्यात: इंडेक्स फंड वर्षानंतर विकलास तर वर्षाला सव्वा लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकलास तर २० टक्के. रोख्यांचं व्याज मात्र पगारासारखंच उत्पन्नात धरलं जातं.

रोख्यांसाठी रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट सोय आहे, नोव्हेंबर २०२१ पासून. खातं फुकट, मध्ये कुणी नाही, १० हजारांपासून केंद्र सरकारचे रोखे घेता येतात. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलंही, म्हणजे सरकारचे अल्प मुदतीचे रोखे. रोख्याचं नावच सगळं सांगतं. '७.१० जीएस २०३४' (जीएस म्हणजे सरकारी रोखा) म्हणजे वर्षाला ७.१० टक्के व्याज, २०३४ मध्ये मुद्दल परत. १० हजारांवर दर सहा महिन्यांनी ३५५ रुपये थेट बँकेत.

मेघना_नाशिक

बाबा शेजारी बसलेत. विचारतायत, सरकारच बुडालं तर?

निवृत्त_लेखापाल

त्यांना नमस्कार सांग. त्यांना सांग की त्यांची बँक आत्ताच त्यांच्या ठेवीतला काही भाग याच रोख्यांत ठेवते आहे. कायद्याने प्रत्येक बँकेला ठेवींच्या १८ टक्क्यांइतका पैसा मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. जे बँक त्यांच्या वतीने करते, तेच ते स्वतः करतील. मध्येच विकायची वेळ आली तर किंमत वरखाली असेल, हे मात्र आधी लक्षात असू द्यावं.

बुडण्यापेक्षा त्यांनी महागाईची चिंता करावी. एसटीचं तिकीट त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मेघना_नाशिक

काका, तुम्ही नेमकी जागा धरलीत! बाबांनी माळ्यावरची तिकिटांची जुनी पेटी खाली काढली. पंच अजून चालतो. नाशिक-पुण्याचं त्यांच्या पहिल्या वर्षाचं भाडं त्यांना तोंडपाठ आहे. आजच्या भाड्याच्या शेजारी लिहिलं आणि म्हणाले, म्हणजे माझी एफडी एवढी पळायला हवी होती. आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

पंचगंगेकाठ

वाहक माणूस. सुट्ट्या पैशाचा हिशोब पक्का असणारच.

मेघना_नाशिक

सात महिन्यांनी परत आले. सर्टिफिकेटचा शोध घेतला, कंपनीची नोंदणी कधीच रद्द झालीये. बाबांनी ते तरीही पिशवीत परत ठेवलं.

आरोग्य विमा झाला. इंडेक्स फंडाचे सहा हप्ते गेले, सध्या टाकलेल्यापेक्षा थोडं कमी दिसतंय. पहिल्या महिन्यात रोज बघायचे, आता पगाराच्या दिवशी बघते. हप्ता सुरू आहे. बाबांनी स्वतःच्या नावाने रिटेल डायरेक्ट खातं उघडलं आणि १० हजारांचा रोखा घेतला. परवा ३५५ रुपये जमा झाले. मेसेज आला होता, तरी बँकेत जाऊन पासबुकवर छापून आणले.

त्यांचा प्रश्न आहे: पतसंस्थेतली ठेव डिसेंबरमध्ये सुटते, सहा लाख. बाबा आता ६१ चे आहेत. सगळे रोख्यांत टाकू का?

निवृत्त_लेखापाल

सगळे नको. ६० पूर्ण आहेत, तर आधी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी हातात, आणि खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. महिन्याच्या खर्चाला ते सोयीचं. चार लाख तिथे, एक लाख बँकेत हाताशी, एक लाखाचे रोखे, असं मी केलं असतं. पतसंस्थेत ठेव आपोआप नूतनीकरण होण्याची सूचना दिलेली असेल तर नोव्हेंबरातच लेखी अर्ज देऊन ती काढून घ्या, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायला सांगा.